शोधगंगा आणि ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’: कोल्हापुरातून वापरताना काय मिळतं, काय अडतं

गूळ, ऊस, बिडाचं कास्टिंग, यंत्रमाग, पंचगंगेचं पाणी. कोल्हापूरकरांचं पोट ज्यांच्यावर चालतं त्या सगळ्या विषयांवर विद्यापीठांत आणि सरकारी केंद्रांत वर्षानुवर्षं काम होत आलंय, आणि त्याचा बराचसा खर्च सरकारी तिजोरीतून, म्हणजे आपल्याच करातून निघतो. पण शिरोलीच्या एखाद्या फौंड्रीत ब्लोहोलमुळे, म्हणजे ओतकामात राहिलेल्या हवेच्या पोकळ्यांमुळे, रिजेक्शन वाढलंय, किंवा गुऱ्हाळावर हायड्रॉस ही रंग उजळवणारी पावडर न टाकता रस निवळायचाय, तर त्यावरचं संशोधन त्या माणसाच्या हातात पडतं का? त्यासाठी आज दोन मोठ्या सरकारी सेवा आहेत. एक ‘शोधगंगा’, म्हणजे पीएच.डी.च्या प्रबंधांचं खुलं भांडार; दुसरी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ (ओएनओएस), म्हणजे सरकारनं वर्गणी भरून घेतलेली संशोधन नियतकालिकं. दोन्हींचा कारभार विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणारं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र बघतं.

हे परीक्षण विद्यापीठाबाहेरच्या वाचकाच्या बाजूनं केलंय. आतल्याला ग्रंथपाल असतो, बाहेरच्याला कुणी नसतं. आमचं मत आधीच सांगतो: शोधगंगा कितीही ओबडधोबड असली तरी ती खरोखर सगळ्यांची आहे, रोज वापरावी. ओएनओएस तिच्यापेक्षा कितीतरी मोठी, पण दार ठरावीक लोकांसाठीच उघडं. आणि ते दार बंद का, याचं उत्तर तंत्रज्ञानात नाही, कॉपीराइटच्या कागदावर झालेल्या सहीत आहे.

शोधगंगेपासून सुरुवात करू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत जमा करणं विद्यापीठांवर बंधनकारक केलं, आणि पुढच्या नियमावल्यांनी ते कायम ठेवलं. त्यातून उभा राहिलेल्या या भांडारात आज पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत, शिवाजी विद्यापीठाचेही आहेत. खातं काढावं लागत नाही, ओटीपी नाही, पैसे नाहीत. शाहू मार्केट यार्डात बसून मोबाइलवर उघडलं तरी तोच प्रबंध, आणि विद्यापीठाच्या वाचनकक्षात उघडलं तरी तोच.

प्रबंध एका फाइलमध्ये मिळत नाही. शीर्षकपान, प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, मग एकेक प्रकरण, अशा क्रमांक घातलेल्या दहा-पंधरा पीडीएफ समोर येतात. नवखा माणूस इथंच कंटाळून परत फिरतो. सगळं उतरवत बसू नका. शेवटाजवळ ८० क्रमांकाची ‘रेकमेंडेशन’ नावाची फाइल असते, तिच्यात शीर्षकपानाबरोबर निष्कर्षाचं प्रकरण जोडलेलं असतं. पहिल्यांदा ती वाचा. कामाचं वाटलं तर ‘मटेरियल्स अँड मेथड्स’चं प्रकरण उघडा, कारण प्रमाण, तापमान, वेळ, यंत्राची बनावट हे सगळं तिथंच असतं. प्रस्तावना आणि पूर्वसाहित्याची प्रकरणं राहिली तरी चालतील.

शोध घेताना शब्दांची गडबड होते. शीर्षकं बहुतांशी इंग्रजीत नोंदवलेली असतात, त्यामुळे देवनागरीत ‘गूळ’ टाकून फारसं हाती लागत नाही. ‘जॅगरी’, ‘गुर’, ‘गुल’ ही तिन्ही रूपं इंग्रजी स्पेलिंगमध्ये वेगवेगळी टाकून बघावी लागतात. तसंच ‘पॉवरलूम’ एका शब्दात आणि दोन शब्दांत, ‘इचलकरंजी’ दोन-तीन स्पेलिंगनी. मराठी विभागाच्या प्रबंधांची शीर्षकं कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत उतरवलेली, तर कधी भाषांतर करून इंग्रजीत. नुसत्या शोधपेटीवर न थांबता विद्यापीठाच्या नावानं आत शिरा, तिथून विभाग निवडा आणि यादी डोळ्याखालून घाला. याला अर्धा तास जातो, पण शोधपेटीनं सोडलेले प्रबंध इथं सापडतात. आणखी एक वाट मार्गदर्शकाच्या नावाची. एका मार्गदर्शकाच्या हाताखाली एकाच विषयाचे चार-पाच प्रबंध झालेले असतात, त्यामुळे एक सापडला की बाकीचे त्याच नावाखाली मिळतात.

जुन्या मराठी प्रबंधांचं दुखणं निराळं आहे. युनिकोड ही सगळीकडे एकसारखी चालणारी अक्षरपद्धत रुळण्याआधी ते श्रीलिपी, आकृती असल्या फाँटांत टाइप झाले. पडद्यावर अक्षर देवनागरी दिसतं, पण फाइलच्या पोटात त्या जागी रोमन चिन्हं साठवलेली असतात. म्हणून पीडीएफमध्ये ‘शाहू’ शोधलं तर शून्य निकाल, आणि ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवली तर निव्वळ खिचडी. यावर उपाय आहे. त्या पानाचं आधी चित्र करा, साधा स्क्रीनशॉटही चालतो. ते चित्र गुगल ड्राइव्हवर चढवून ‘गुगल डॉक्स’मध्ये उघडा. मराठी मजकूर बऱ्यापैकी शुद्ध निघतो. जोडाक्षरं आणि आकडे मात्र मूळ पानाशी ताडून घ्या, विशेषतः ३ आणि ८ यांच्यात घोळ होतो. फाइल दोन एमबीच्या आत ठेवली तर काम नीट होतं. पीडीएफ सरळ चढवू नका, त्यातला तो चुकीचा मजकूरच उचलला जाण्याची भीती असते.

नुसते स्कॅन केलेले प्रबंधही पुष्कळ आहेत. त्यांतले आलेख आणि फोटो काळपट येतात, तक्त्याचा शेवटचा रकाना बांधणीच्या शिवणीत गेलेला असतो. काही प्रबंधांचा नुसता सारांश दिसतो, कारण विद्यापीठ ठरावीक मुदतीपुरता पूर्ण मजकूर राखून ठेवू शकतं. मूळ प्रत हवीच असेल तर विद्यानगरला शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रात चौकशी करावी. जाताना प्रबंधाचा हँडल क्रमांक लिहून न्या. शोधगंगेच्या प्रत्येक नोंदीला १०६०३ नं सुरू होणारा कायमचा क्रमांक असतो, तो सांगितला की शीर्षकाच्या स्पेलिंगवरून शोधाशोध होत नाही. संदर्भ देतानाही ब्राउझरमधला लांबलचक पत्ता न देता हाच क्रमांक द्यावा, पत्ता बदलतो, हँडल बदलत नाही.

आता हक्कांचा भाग, आणि इथं सेवेत खरी उणीव आहे. शोधगंगेच्या पानाच्या तळाशी क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना दिलेला आहे: श्रेय द्या, धंदा करू नका, आणि त्यावरून काही नवं केलंत तर तेही याच अटींवर खुलं ठेवा. परवाना चांगला आहे, त्यात भाषांतरसुद्धा बसतं. पण एखाद्या प्रबंधाची सविस्तर नोंद उघडा. हक्क या रकान्यात एकच शब्द असतो, कुठं ‘युनिव्हर्सिटी’ तर कुठं ‘सेल्फ’. एवढ्यावरून वाचकानं काय समजायचं? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की पहिला मालक लेखक. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं असेल तर मालक बदलू शकतो, पण पीएच.डी.चा विद्यार्थी विद्यापीठाचा नोकर नसतो. आणि हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. म्हणजे रकान्यात ‘युनिव्हर्सिटी’ लिहिल्यानं विद्यापीठ मालक होत नाही, त्यामागे सही केलेला कागद असावा लागतो. तो कागद वाचकाला दिसत नाही. प्रत्येक नोंदीवर परवान्याचं पूर्ण नाव आणि देणाऱ्याचं नाव असतं, तर हा गोंधळच उरला नसता. दुरुस्ती फार मोठी नाही, ती व्हायलाच हवी.

दुसरी सेवा ओएनओएस. केंद्रीय मंत्रिमंडळानं २५ नोव्हेंबर २०२४ ला तिला मंजुरी दिली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. त्यात ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून जास्त सरकारी शिक्षण आणि संशोधन संस्था, सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक, संशोधक. ढोबळ भागाकार केला तर माणशी वर्षाला अकराशे रुपये पडतात, आणि एका नियतकालिकामागे वर्षाला पंधरा लाखांच्या वर. पहिला आकडा ऐकून सौदा स्वस्त वाटतो, दुसरा ऐकला की हात आखडतो. आमच्या मते दोन्ही आकडे एकत्र धरूनच याकडे बघायला हवं. पूर्वी मोठ्या आयआयटीला जे मिळायचं ते आता जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी कॉलेजातल्या मुलीला मिळतं, ही साधी गोष्ट नाही. पण हे भाडं आहे. वर्गणीची मुदत संपल्यावर पुढचं वाचायचं तर पुन्हा पैसे मोजा.

कोल्हापुरात दार कुठं उघडतं ते बघू. पहिल्या टप्प्यात व्यवस्थापन सरकारचं असलेल्या संस्थाच आहेत. त्या प्रकारात शिवाजी विद्यापीठ बसतं, राजाराम कॉलेज बसतं, छत्रपती शाहू महाराजांच्या नावाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय बसतं. पण शहरातली आणि तालुक्यांतली बहुतेक कॉलेजं खासगी शिक्षणसंस्थांची. तिथला इंजिनिअरिंगचा प्राध्यापक बाहेरच. शाहूपुरीत दवाखाना चालवणारा डॉक्टर बाहेर, कसबा बावड्यातला कोर्टाचा वकील बाहेर, उद्यमनगरचा पॅटर्नमेकर बाहेर. म्हणजे ज्याला पेपर वाचून दुसऱ्या दिवशी हातानं काही करून बघायचंय तोच बहुधा बाहेर. योजनेच्या आराखड्यात दुसऱ्या टप्प्यात खासगी संस्था आणि तिसऱ्या टप्प्यात सार्वजनिक ग्रंथालयांतून सर्व नागरिकांना प्रवेश, असा विचार मांडलेला आहे. १८५० पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयात एक संगणक यासाठी ठेवला, तर या शहराच्या दृष्टीनं पहिल्या टप्प्याहून तो टप्पा मोठा ठरेल.

आत असलेल्यांनाही ही सेवा सरळ मिळते असं नाही. आवारात असताना प्रवेश इंटरनेटच्या पत्त्यावरून ओळखला जातो, लॉगिन लागत नाही. इथं नेहमी होणारी चूक म्हणजे फोन वायफायवर आहे असं वाटतं, पण सिग्नल कमी पडला की तो गुपचूप मोबाइल डेटावर जातो. मग प्रकाशकाच्या साइटवर पेपरखाली तीस-चाळीस डॉलरची किंमत दिसते आणि विद्यार्थी समजतो की हे नियतकालिक योजनेत नाही. किंमत दिसली की पहिल्यांदा मोबाइल डेटा बंद करून पान पुन्हा उघडा. घरून वाचायचं तर इन्फेड नावाची ओळखपद्धत आहे. तिचं खातं संस्थेचा नोडल अधिकारी, म्हणजे बहुधा ग्रंथपाल, उघडून देतो. प्रकाशकाच्या साइटवर जाऊन तिथल्या लॉगिनमध्ये हा पासवर्ड टाकला तर चालत नाही. आधी संस्थेतर्फे प्रवेश हा पर्याय, त्यात इन्फेड, त्यात संस्थेचं नाव, आणि मग पासवर्ड, या क्रमानं जावं लागतं. नावांच्या यादीत एकसारखी नावं असतात, आपलंच निवडलंय ना ते बघा.

एक गोष्ट कटाक्षानं टाळा: एका नियतकालिकाचे सगळे अंक एखादं सॉफ्टवेअर लावून ओढणं. प्रकाशकांच्या करारात अशा सरसकट डाउनलोडला बंदी असते. यंत्रणेला संशय आला की एका माणसाचा नव्हे, सगळ्या आवाराचा प्रवेश बंद होतो, आणि तो परत सुरू होईपर्यंत ग्रंथपालाची पत्रापत्री चालते. पीएच.डी.ची नोंदणी शिवाजी विद्यापीठात पण संशोधन केंद्र खासगी कॉलेजात, अशांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयात खातं मिळतं का ते अवश्य विचारावं. विद्यार्थी तुम्ही विद्यापीठाचेच आहात.

योजनेत निवडक नियतकालिकांसाठी लेख खुला छापण्याचं शुल्क भरायला वर्षाला १५० कोटींची तरतूदही आहे. आमच्या मते पुढचा मार्ग इथं आहे. वाचण्याचे पैसे भरले की फक्त योजनेतले वाचतात. लेख खुला झाला तर उद्यमनगरचा पॅटर्नमेकरही वाचतो.

पण सरकारनं पैसे दिलेल्या संशोधनाला कुलूप लागतंच कसं? ‘सरकारी पैशाचं आहे म्हणजे कुणीही छापावं’ असा समज सर्रास आहे, आणि तो चुकीचा आहे. आपल्या कायद्यात ‘सरकारी कृती’ म्हणजे सरकारनं, विधिमंडळानं किंवा न्यायालयानं केलेली वा त्यांच्या निर्देशाखाली झालेली. तिचा पहिला मालक सरकार, मुदत प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. अमेरिकेत केंद्र सरकारच्या नोकरानं कामाचा भाग म्हणून लिहिलेल्यावर कॉपीराइट नसतोच, तसं आपल्याकडे नाही. आणि सरकारी अनुदान घेऊन प्राध्यापकानं लिहिलेला पेपर ही तर सरकारी कृतीही नव्हे. तो लेखकाचा. मग लेखक छापून घेण्यासाठी प्रकाशकाच्या फॉर्मवर सही करतो, आणि सगळे हक्क फुकट देऊन टाकतो. पुढे तोच पेपर सरकार वर्गणी भरून परत विकत घेतं. कायद्यात अशी तरतूद आहे की हस्तांतरात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण प्रकाशकांच्या फॉर्ममध्ये ‘संपूर्ण मुदत, संपूर्ण जग’ हे आधीच छापलेलं असतं, त्यामुळे या संरक्षणाचा उपयोग होत नाही.

म्हणून ज्यांच्या हातात लेखणी आहे त्यांनी सहीआधी दोन गोष्टी कराव्यात. एक, ‘स्वीकृत हस्तलिखित’ स्वतःकडे आणि संस्थेच्या भांडारात ठेवण्याचा हक्क राखतो, असं वाक्य फॉर्मला जोडावं. दोन, परीक्षकांच्या दुरुस्त्या होऊन स्वीकारलेली पण प्रकाशकानं अजून न मांडलेली वर्ड फाइल तारीख घालून जपून ठेवावी. पुष्कळ प्रकाशक ही प्रत ठरावीक मुदतीनंतर खुली ठेवू देतात, पण वर्षभरानं ती लेखकालाच सापडत नाही, हाती असते ती प्रकाशकाच्या लोगोची पीडीएफ, आणि तीच चढवता येत नाही. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांचं २०१४ चं धोरण हेच सांगतं: पेपर स्वीकारल्यावर दोन आठवड्यांत ही प्रत भांडारात जमा करा. कृषी संशोधन परिषदेचं धोरण त्याच्याही आधीचं, २०१३ चं. पण ही धोरणं आहेत, कायदा नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी १ जुलै २०२५ पासून पेपर उशिरानं खुला करण्याची सवलतच काढून टाकली. त्यांच्या पैशातून झालेला पेपर प्रसिद्ध होताच खुल्या भांडारात दिसायला हवा. आपल्याकडे एवढं कडक काही नाही, आणि त्याची किंमत बाहेरचा वाचक मोजतो.

त्या बाहेरच्या वाचकानं काय करावं? पेपरचं शीर्षक गुगल स्कॉलरमध्ये टाका आणि निकालाखालचं ‘सर्व आवृत्त्या’ दाबा. प्रकाशकाची पहिली ओळ सोडून खाली बघा, लेखकाच्या संस्थेच्या भांडारातली प्रत तिथं लपलेली असते. ब्राउझरला अनपेवॉल हे जोड-साधन लावून ठेवा, कायदेशीर खुली प्रत असेल तर कडेला हिरवं कुलूप उघडं दिसतं. वैद्यकीय विषयाला पबमेड सेंट्रल हे खुलं भांडार. शेतीला ‘कृषिकोश’, त्यात कृषी विद्यापीठांचे प्रबंध आहेत. इथलं प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं, म्हणून गुळावरचं शोधताना राहुरीच्या नावानंही शोधा. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीची नियतकालिकं साइटवर खुली आहेत. काहीच मिळालं नाही तर पत्रव्यवहारासाठी दिलेल्या लेखकाला चार ओळींचा ई-मेल करा: पेपरचं नाव, डीओआय (पेपरचा कायमचा ओळखक्रमांक), तुम्ही काय काम करता, आणि कशासाठी हवाय. लेखकानं एका माणसाला अभ्यासासाठी प्रत पाठवणं ही जुनी रीत आहे. पेपर बेकायदा फुकट देणाऱ्या साय-हब साइटच्या नादाला लागू नका. डिसेंबर २०२० मध्ये तीन प्रकाशकांनी दिल्ली उच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यात ऑगस्ट २०२५ मध्ये ती साइट भारतात अडवण्याचा आदेश झालाय.

हाती आलेल्या पीडीएफचं काय करता येतं याबद्दल विनाकारण भीती असते, आणि नको तिथं बिनधास्तपणाही असतो. कायद्याचं कलम ५२ स्वतःच्या अभ्यासासाठी आणि संशोधनासाठी वाजवी वापराला मोकळीक देतं. वर्गात शिकवण्यासाठी शिक्षकानं उतारे देणं वेगळ्या पोटकलमात येतं; दिल्ली विद्यापीठाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानाविरुद्ध तीन प्रकाशकांनी केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये अभ्याससंचांच्या (पुस्तकांतले उतारे एकत्र बांधलेल्या झेरॉक्स प्रतींच्या) बाजूनं निकाल दिला, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये त्यात हात घातला नाही. पण ओएनओएसमधून उतरवलेला पेपर तीनशे जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं यात बसत नाही, आणि तुमच्या संस्थेच्या करारालाही ते धरून नाही. तिथं पीडीएफऐवजी डीओआय टाका.

सगळ्यात महत्त्वाचं, कॉपीराइट शब्दरचनेवर आणि मांडणीवर असतो, माहितीवर नसतो. रसाचा सामू चुन्याच्या निवळीनं किती वर आणायचा, काहील किती अंशाला उतरवायची, वाळूत ओलावा किती टक्के ठेवायचा, हे आकडे कुणाच्याही मालकीचे नाहीत. पेपर वाचून गुळव्यानं उद्याच्या आधणाला तेच प्रमाण वापरलं तर कॉपीराइटचा भंग होत नाही. स्वतःच्या शब्दांत, स्वतः तक्ता आखून ते मराठीत लिहिलं तरी होत नाही. पेटंट असेल तर गोष्ट वेगळी, ते पेटंट कार्यालयाच्या साइटवर फुकट तपासता येतं.

सरकारी अहवाल हा आणखी वेगळा विषय. राजपत्र, न्यायनिवाडे, विधिमंडळापुढे ठेवलेले समित्यांचे अहवाल, सरकारनं (निवाड्यांच्या बाबतीत न्यायालयानं) मनाई केली नसेल तर पुन्हा छापायला कायद्यानंच परवानगी आहे. कोल्हापूर जिल्ह्याचं १९६० चं गॅझेटिअर घ्या: ६० वर्षं मोजायची १ जानेवारी १९६१ पासून, म्हणजे २०२० अखेर मुदत संपली. आज त्यातला मजकूर कुणीही छापावा. आणि अहवाल दडवून ठेवला असेल तर माहिती अधिकार आहे. त्या कायद्याचं कलम ९ लक्षात ठेवा. कॉपीराइटच्या कारणावरून अर्ज नाकारता येतो तो हक्क शासनाशिवाय दुसऱ्या कुणाचा असेल तरच. खात्याचा स्वतःचा अहवाल ‘कॉपीराइट आहे’ म्हणून नाकारता येत नाही. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मजकूर १५० शब्दांच्या आत, एका अर्जात एकच विषय, प्रतीला पानामागे २ रुपये, उत्तर ३० दिवसांत. दोन विषय एकत्र लिहिले की अर्ज तिथंच अडतो. राधानगरी, गगनबावड्याचा डोंगर ज्यात येतो त्या पश्चिम घाटावरचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सरकारला मिळाला होता. तो लोकांना वाचायला मिळाला मे २०१२ मध्ये, माहिती आयोगाचा आदेश आणि उच्च न्यायालयाचा निकाल झाल्यावर.

शोधगंगेवरच्या एखाद्या प्रबंधातलं प्रकरण मराठीत आणून गुऱ्हाळमालकांना वाटायचं असेल तर परवाना ते करू देतो, पण पत्रकाला किंमत लावायची नाही, जाहिरात घ्यायची नाही, आणि प्रबंधात दुसरीकडून घेतलेली चित्रं उचलायची नाहीत. हक्काच्या रकान्यात नुसताच एक शब्द असतो, म्हणून संशोधकाला एक ई-मेल करून होकार घेऊन ठेवा. आणि पत्रकाच्या शेवटच्या पानावर, वाचता येईल एवढ्या टायपात, हे छापा: संशोधकाचं नाव, प्रबंधाचं मूळ शीर्षक, विद्यापीठ आणि वर्ष, शोधगंगा हँडल क्रमांक, ‘मराठी भाषांतर व संक्षेप आम्ही केला आहे’, आणि ‘क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देश, अव्यापारी, समान वाटप ४.०’.